मधला ठिपका

भाऊंना तारे आवडत नसत. तीस वर्षं आकाशाच्या छायाचित्रांवर डोळे लावून बसलेल्या माणसाबद्दल असं लिहिणं विचित्र दिसतं, पण ते स्वतःच तसं सांगत. आमच्या कक्षात एखादा पाहुणा आला आणि पडद्यावरचं चित्र बघून "काय सुंदर आहे हो!" म्हणाला, की भाऊ चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "सुंदर काय त्याच्यात? मोजा." पाहुण्याला वाटे, गंमत चाललीय. तो हसे. भाऊ हसत नसत, आणि मग आमच्यापैकी कुणीतरी घाईघाईने चहा सांगे.

प्रत्यक्ष आकाशाकडे तर ते बघतही नसत. नऊला झोपणारा माणूस. ग्रहण असो, धूमकेतू असो, आमची अख्खी सोसायटी गच्चीवर जमलेली असो, दुसऱ्या दिवशी "भाऊ, बघितलंत का?" म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं असे, "ऑफिसच्या वेळेत नव्हता."

आमचं ऑफिस म्हणजे वसई स्टेशनच्या पश्चिमेला, दाताच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. मुंबईच्या एका खगोलसंस्थेला तिथे जागा परवडत नव्हती म्हणून इथे थाटलेला कक्ष. सहा माणसं, सहा संगणक आणि प्रमुख म्हणून भाऊ. आमचं काम पुसण्याचं होतं. दुर्बीण दूरच्या एखाद्या दीर्घिकेचं, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या एका गावाचं चित्र घेते, तेव्हा आपल्याच आकाशगंगेतले काही तारे मधे येतात. खिडकीतून डोंगर बघताना काचेवर माश्या बसलेल्या असाव्यात तसे. दीर्घिकेचा प्रकाश मोजायचा तर हे मधले तारे आधी वगळायला हवेत. मशीन बरंचसं करी, पण मशीनचं चुकतं कुठे ते माणसाने बघायचं. वगळायच्या ताऱ्याभोवती गोल काढायचा, शेजारी शेरा लिहायचा "वाटेतला", आणि खाली आपली आद्याक्षरं. असे गोल काढून साफ केलेल्या चित्रांची एक मोठी यादी संस्था तयार करत होती, आणि शास्त्रज्ञ त्या यादीवरून पुढची गणितं करत.

"आधी वाटेतला काढा, मग घर बघा," असं भाऊ प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. मलाही सांगितलं. ते नायगावच्या जुन्या गावातले, खाडीकाठी भातशेती करणाऱ्या घरातले. साहेबलोकांशी शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, इतकी शुद्ध की ऐकणाऱ्याला उगीच शिक्षा झाल्यासारखं वाटावं. चिडले किंवा माया आली की मात्र घरची बोली बाहेर पडे. त्यामुळे "पाणी" म्हणाले की आपण परके आणि "पानी" म्हणाले की घरचे, एवढं मला पहिल्या महिन्यात कळलं. मी साताऱ्याकडची. लग्नानंतर नायगावच्या नव्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहायला आलेली. हे कळल्यावर ते पहिल्यांदा घरच्या बोलीत म्हणाले, "म्हंजे आमच्या भातात राहतंस तू." त्यांच्या चुलतभावांनी विकलेल्या जमिनीवरच आमची इमारत उभी होती.

कक्षात ते अनवाणी वावरत. रोज सकाळी सगळ्यांचे पडदे ओल्या मलमलीच्या फडक्याने स्वतः पुसत, कारण कधीकाळी काचेवरचा धुळीचा कण कुणीतरी तारा म्हणून मोजला होता. तो माणूस नोकरी सोडून गेला, कण गेला, ते संगणकही गेले, पण फडकं राहिलं. पहिलं चित्र पूर्ण होईपर्यंत ते कुणाशी बोलत नसत. अंदाज करणं त्यांना पाप वाटे. "भाऊ, आज पाऊस येईल का?" म्हटलं तर खिडकीबाहेर काळं कुट्ट झालेलं असतानाही म्हणत, "मी मोजला नाय." माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा सगळ्या बायका "नाक कुणाचं, डोळे कुणाचे" करत होत्या. हे पाळण्याजवळ बराच वेळ उभे राहिले आणि मला विचारलं, "वजन किती?" मी आकडा सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या परीने ते कौतुकच होतं, पण माझ्या सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही.

मला त्यांचा राग यायचा, हेही सांगितलं पाहिजे. नुसता राग नाही, कधीकधी रडू यायचं. त्याचं कारण त्यांच्या वहीतला चौथा नियम.

ती निळ्या पुठ्ठ्याची वही. त्यात भाऊंच्या अक्षरात सात नियम होते आणि कक्षात त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. चौथा नियम असा: ठिपका ताऱ्याइतका टोकदार दिसला तर तो वाटेतला समजावा. नियम वाईट नव्हता. दूरची दीर्घिका पसरट, धुरकट दिसते आणि आपला जवळचा तारा सुईच्या टोकासारखा. पण मला कामाला लागून दोन वर्षं झाली असतील, फिकट दीर्घिकांची चित्रं भाऊ आणि मी दोघंच बघायचो, तेव्हा एक चित्र आलं. लहानशी, फिकट दीर्घिका, ताटात पेज सांडावी तशी पसरलेली. आणि तिच्या बरोब्बर मधे एक टोकदार ठिपका. मी गोल काढला नाही. "शंका" असं लिहिलं आणि भाऊंकडे गेले.

"हा वाटेतला नसावा, भाऊ."

"का?"

"अगदी मधोमध आहे."

"मधोमध असला म्हणून काय झालं? रस्त्यात उभा राहिलेला माणूस एखाद्या वेळी कुणाच्या दाराच्या बरोबर समोरही उभा राहतो."

"पण असं मी आधी तीन-चार चित्रांत बघितलंय."

"तीन की चार?"

मला आठवेना.

"मोजलं नसेल तर बोलू नये," ते म्हणाले. माझी "शंका" खोडली, गोल काढला, "वाटेतला" लिहिलं आणि खाली स्वतःची आद्याक्षरं घातली. सगळ्या कक्षासमोर. माझे कान गरम झाले ते अजून आठवतं.

त्यानंतर मी काय केलं ते ऐका. शंका लिहिली की तीन पानांचा फॉर्म भरावा लागे, चित्र पुन्हा मोजावं लागे, त्यात संध्याकाळ जाई. मुलगी पाळणाघरात सहापर्यंतच असे. आणि शंका काढून पुन्हा "तीन की चार" ऐकायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे पुढे मधोमध ठिपका असलेलं चित्र आलं की मी मुकाट्याने गोल काढत गेले. वाटेतला. वाटेतला. माझी आद्याक्षरं. दर वेळी मनात यायचं की हा वाटेतला नाही. दर वेळी वाटायचं, मला काय करायचंय, नियम त्यांचा आहे. सात-आठ वर्षं असं चाललं.

भाऊंच्या निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा मुख्य ऑफिसातून एक तरुण शास्त्रज्ञ बाई आम्हाला व्याख्यान द्यायला आल्या. तुमची यादी आम्ही कशी वापरतो ते तुम्हालाही कळावं, असं त्यांना वाटलं. भिंतीवर पांढरी चादर लावून त्यांनी चित्रं दाखवली. अवकाशातल्या दुर्बिणीने घेतलेली, आमच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट. एक चित्र आलं आणि भाऊ खुर्चीत पुढे सरकले. आम्हाला दीर्घिका नंबरावरून आठवत, त्यांना चेहऱ्यावरून. ती पेज सांडल्यासारखी होती. मधला ठिपका आता ठिपका राहिला नव्हता. तो किंचित फुगला होता आणि त्याची कड रवाळ दिसत होती.

बाई म्हणाल्या, "पुष्कळ दीर्घिकांच्या मध्यावर ताऱ्यांचा असा दाट पुंजका असतो. इतका दाट की साध्या दुर्बिणीतून तो एकच तारा वाटतो. यात लाखो तारे आहेत, काही ठिकाणी कोटींनी. दीर्घिका कशी वाढली, तिच्यात काय काय येऊन मिसळलं, ते या पुंजक्यावरून कळतं. तिच्या घडणीचं सगळं जुनं दप्तर तिथे असतं म्हणा ना."

भाऊ उभे राहिले. हात वर केला नाही, परवानगी मागितली नाही. साहेबांसमोरची शुद्ध मराठीही विसरले.

"हा मी पुसलाय," ते म्हणाले.

बाईंना कळेना. त्या समजुतीने हसल्या. "असं व्हायचंच, सर. त्या काळच्या चित्रांत—"

"नाय. हिने सांगितला होता," भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "ही म्हनाली होती, मदोमद हाय, वाटेतला नसंल. मी आयकला नाय. मी पुसला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. शास्त्रज्ञ बाईंनी मान डोलावून मला दाद दिली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी नंतर जिन्यात म्हणाला, "मान गये, मॅडम, तेव्हाच पकडलं होतंत तुम्ही!" मी हसले. त्या एका चित्रामागे माझ्या आद्याक्षरांची किती चित्रं होती ते मला माहीत होतं, निदान "तीन की चार"पेक्षा बरीच जास्त होती हे तर नक्कीच. 

त्या रविवारी भाऊ आमच्या घरी आले. पहिल्यांदाच आणि जिन्याने, कारण लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. अकरा मजले चढून पाणी प्यायले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली खाडी, तिच्या अलीकडे त्यांच्या घराचं कौलारू छप्पर, आणि समोर आमच्यासारखेच टॉवर. बराच वेळ ते समोरच्या टॉवरच्या खिडक्या मोजत होते, ओठ हलत होते.

"इथे आमचा एक खोप होता," ते म्हणाले. "राखनीला. एका टायमाला एक मानूस. आता त्याच जागेत किती हाव तुमी?"

मी म्हटलं, असतील हजार-दीड हजार.

या वेळी त्यांनी आकडा तपासला नाही. "आपला सूर्य हाय ना, त्याचा शेजारी कुठे? चार वर्सं परकाश चालतो तवा. तेवढ्या जागेत तिथे लाखाने सूर्य, गं. लाखाने. आन मी गोल मारून लिवला, वाटेतला एक." मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत मोजता न येणारा असा एवढाच प्रश्न मी त्यांच्या तोंडून ऐकला. "एवढे सूर्य असले तर तिथे काळोख पडत असंल काय?"

मी म्हटलं, नसेल पडत.

"मंग तिथला मानूस आकाशात बघून काय मोजत असंल?" असं म्हणून ते चपला घालायला गेले. दारात त्यांनी सांगितलं की ते पूर्ण यादी पुन्हा बघणार आहेत. पहिल्या चित्रापासून. मधोमधला ठिपका जिथे जिथे पुसला गेला, तिथे तिथे दुरुस्ती लिहून द्यायची आणि चूक कुणाची ते नावासकट लिहायचं.



संस्थेने परवानगी दिली, कारण नाही म्हणायला कारण नव्हतं. निवृत्तीनंतर चित्रांच्या प्रती त्यांच्या घरी गेल्या. पडवीत एक जुना संगणक मांडला. त्याच सुमाराला त्यांचे मूत्रपिंडाचे रिपोर्ट आले आणि आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसला जाऊ लागले. उरलेल्या चार दिवसांत ते चित्रं बघत. घाई त्यांना कुणी केली नव्हती, पण किती दिवस आहेत हेही त्यांनी मोजलेलं असणार. दर रविवारी मी जात असे, संगणकाचं काही अडलं तर बघायला. काकी, म्हणजे त्यांची बायको, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढत. पुसलेला एखादा पुंजका सापडला की भाऊ पडवीतून ओरडत, "एक अजून!" आणि आतून काकी विचारत, "चुका किती झाल्या?" ते आकडा सांगत. भाव विचारावा तशा सहज त्या विचारत, पण आकडा लक्षात ठेवत. दुसऱ्या दिवशी भाऊंनी चुकून एक कमी सांगितला तर टोकत.

चित्रं बघायची पद्धतही त्यांचीच. आधी डोळे मिटून बसायचे, मग चित्र उघडायचं. म्हणत, "पयला बगतो तवा मी जुनाच मानूस असतो. दुसऱ्यांदा बगतो तवा खरा." म्हणून प्रत्येक चित्र दोनदा. चौथा नियम वहीत त्यांनी खोडला नाही. त्याच्यासमोर लाल शाईने लिहिलं, "चुकीचा. पाहा दुरुस्ती." खोडलं असतं तर पुढच्याला कळलं नसतं की आधी काय होतं.

दुसऱ्या वर्षीच्या एका रविवारी मी गेले तेव्हा पडद्यावर माझी आद्याक्षरं होती.

"ही तुजी," भाऊ म्हणाले.

"बघून टाका ना त्यातच," मी म्हटलं. हलक्या आवाजात, जणू मीठ मागतेय. "तुम्ही बघताच आहात सगळी."

त्यांनी मान हलवली आणि मला खाजणाचं सांगितलं. खाडीकाठच्या त्यांच्या भातजमिनीत खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचा बांध असे, आणि बांधाचे वाटे घरागणिक ठरलेले. मोठ्या भरतीच्या आधी जो तो आपल्या वाट्यावर चालत जाऊन खेकड्यांची बिळं शोधून बुजवी. "दुसऱ्याच्या वाट्यातला बीळ दिसला तर हाक मारायची. आपन बुजवायचा नाय. आपन बुजवला तर त्याला कदी कलनार नाय कुटे होता. पुडल्या भरतीला तितूनच पानी येनार." मग ते म्हणाले, "तुजी मी वेगली ठेवलीत. उगडली नाय. तुजी तू बग."

"बघते," मी म्हटलं.

मी बघितली नाहीत. त्यांनी दिलेला पेनड्राइव्ह घरी नेला, कपाटात ठेवला. भाऊंनी पुढे दोनदा विचारलं, "बगितल्यास?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "चालू आहे." त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

संस्थेला त्यांनी मधेच एक पत्र लिहिलं, काम कुठवर आलंय ते कळवणारं. उत्तर आलं, अगदी अदबशीर. आपल्या निष्ठेचं कौतुक वाटतं, तथापि नव्या दुर्बिणींमुळे ती जुनी यादी आता फारशी कुणी वापरत नाही, तरी आपण प्रकृतीची काळजी घ्यावी. मीच ते वाचून दाखवलं. वाचताना मला वाटलं, आता थांबतील. खरं सांगायचं तर मला तसं हवं होतं.

भाऊंनी पत्र घडी करून वहीत ठेवलं. "वापरत नाय म्हनून बरोबर झाली काय?" म्हणाले, आणि पुढचं चित्र उघडलं.

त्यांचा वाटा पुरा झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले, डायलिसिसच्या खुर्चीवरच, सकाळच्या पाळीत. शेवटच्या भेटीत खूप थकले होते. फक्त एवढंच म्हणाले की आता आकडा पक्का झालाय, दोनदा तपासलाय. कोणता आकडा ते मी विचारलं नाही. त्यांच्या पायांना सूज होती, तिच्याकडेच माझं लक्ष होतं.

मी सगळी फाइल संस्थेकडे पाठवली, त्यांची पूर्ण आणि माझी न उघडलेली. महिन्याभराने मुख्य ऑफिसातून यादीच्या नव्या प्रमुख मॅडमचा फोन आला. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला गोड.

"मॅम, सरांचं काम अमेझिंग आहे. आम्ही छोटी दुरुस्ती वेबसाइटवर लावतोय, यादीच्या खालीच. फक्त एक. चौतीस इमेजेसवर तुमचे इनिशियल्स आहेत. त्या आम्ही सॉफ्टवेअरवर टाकून बघितल्या, दुपारभरात झाल्या. सगळ्या सेम केस, मधला क्लस्टरच उडालाय. पण रूल सरांचा होता ना, आणि हेड तेच. सगळं त्यांच्याच नावाने एकत्र टाकलं तर सोपं पडेल. चालेल ना?"

भाऊंनी दोन वर्षं काढली होती ते काम मशीनने दुपारभरात केलं, हे ऐकून मला आधी वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याच्या आडोशाने मी म्हटलं, "हो, चालेल."

दुरुस्ती लागली त्याच्या पुढच्या रविवारी मी तिची छापील प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून काकींकडे गेले. फोटोसमोर ठेवावी म्हणून. पडवीतला संगणक कुणीतरी चादरीने झाकून ठेवला होता. काकी ओट्यावर बसून शेंगा सोलत होत्या. कागद इंग्रजीत होता. त्या म्हणाल्या, "वाच, बाय. काय लिवलाय त्यांचा?"

मी मराठी करून सांगितलं. या यादीत दीर्घिकांच्या मध्यावरचे ताऱ्यांचे दाट पुंजके चुकीने वाटेतले तारे म्हणून वगळले गेले होते. ही चूक पुढील व्यक्तीची असून ती त्यांनी स्वतः शोधून कळवली आहे. खाली भाऊंचं पूर्ण नाव. एकूण चित्रं, दोनशे एकेचाळीस.

"नाय," काकी म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"नाय, बाय. दोनशे सात." त्यांचे हात शेंगांवर थांबले होते. "रोज जेवताना मना सांगायचे. शेवटला सापडला तवा दोनदा सांगितला, दोनशे सात, माज्या एवड्याच. मी म्हटला, कलला, आता जेवा." त्यांनी कागद हातात घेतला. अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडा येत होता. त्यावर बोट ठेवून त्या हिशेब करू लागल्या. मी बघत राहिले. मला उठून जाता आलं असतं, संस्थेने काहीतरी घोळ केला असेल, असं सांगता आलं असतं. काकींनी तेही मानलं असतं. त्या माणसाने आयुष्यभर अंदाजाने एक शब्द उच्चारला नव्हता, आणि आता त्याच्या नावावर त्याने न केलेल्या चुका कायमच्या लिहिल्या गेल्या होत्या. त्याने चुकून पुसलं होतं. मी कळत असून पुसलं होतं.

"चौतीस जास्त हायत," काकी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, त्यांना फक्त कळून घ्यायचं होतं. "ह्या चौतीस कोनाच्या?"

"माझ्या," मी म्हटलं.

 काकींनी कागद माझ्याकडे परत दिला आणि सुपातल्या शेंगा बाजूला सारून मला ओट्यावर जागा केली. रविवार होता, मॅडम घरी असतील, कदाचित झोपल्या असतील. मी तिथेच बसून त्यांना फोन लावला.